कार्ताहेनाचा घरमालक

"मधल्या सीटवर मी बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते," क्लेमेन्सिया मावशी माझ्या कानाशी पुटपुटली. "मागांगेला गेलो होतो तेव्हा गुडघे हनुवटीला लावून बसले होते. म्हातारी आहे म्हणून कुठेही कोंबायचं का मला? आणि परतताना तर त्या पेटीलाही जागा लागणार. तिला देतील बघ खिडकी."

पेटी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, रोसेंदोची. जाताना ती रिकामी असणार होती आणि येताना तो तिच्यात असणार होता. त्याला खिडकी मिळाली तर मिळू दे, असं मी मावशीला म्हटलं. लहानपणी तीन भावंडांत त्याच्या वाट्याला ती कधी आली नव्हती. मावशीनं युकाचा कंद सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं. पण सुरी जरा जोरात चालायला लागली.

आई आतल्या खोलीत दुपारची पडली होती, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. खरं तर आमच्या घरात त्या दिवसांत सगळेच हळू बोलत. कार्ताहेनाला जायचं ठरलं होतं, पण कसं, कोणी, कुणाला सांगून, हे ठरत नव्हतं.

आमच्या मोम्पोसमध्ये काय किंवा खाली कार्ताहेनात काय, माणूस दोनदा पुरावा लागतो. आधी शवपेटीसकट भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा आणि तोंडाशी विटा-चुन्यानं लिंपून टाकायचं. काही वर्षांनी कोनाड्याची मुदत संपली की ते फोडायचं, उरलेली हाडं पुसून लहान पेटीत घालायची, आणि ती पेटी घरच्यांच्या कोनाड्यात कायमची ठेवायची. ज्याला न्यायला कोणी येत नाही त्याची हाडं बाकीच्या बेवारसांबरोबर एका खड्ड्यात जातात. रोसेंदोची मुदत येत्या महिन्यात संपत होती.

तो गेला त्या वर्षी नदीनं सगळे रस्ते गिळले होते. ओस्वाल्दोदादा तेवढा होडी, मग ट्रक, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर असं करत कार्ताहेनाला पोचला, तोवर कोनाड्याचा चुनाही लावून झाला होता. ओल्या चुन्यावर हात ठेवून तो परत आला. आईला त्यानं सांगितलं की सगळं नीट झालं, फुलं पुष्कळ होती. आईनं विचारलं, फुलं कुणी आणली. दादा म्हणाला, घरमालकानं.

या घरमालकाबद्दल आधीच सांगायला हवं.

रोसेंदो विशीत असताना कार्ताहेनाला गेला, जुन्या शहरातल्या घरांच्या भिंती रंगवायला. तिथे रंगाऱ्याला मरण नाही. समुद्राचा वारा वर्षभरात भिंत सोलून काढतो आणि पर्यटकांना ती पिवळीधमक लागते. हेत्सेमानी भागात एका शिंप्याच्या घरी त्यानं खोली घेतली. पहिल्याच फोनवर तो म्हणाला, घरमालक चांगला आहे. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात राहायलाच आला. शिंप्याचं नाव आर्नुल्फो, पण ते नाव कुणी घ्यायचं नाही. घरमालकानं नाताळला दादासाठी शर्ट पाठवला. घरमालकानं आईसाठी झगा शिवला, आणि तो तिला असा बसला की जणू मापं घ्यायला तो स्वतः येऊन गेला होता. एका वर्षी ईस्टरला रोसेंदो आला नाही, कारण घरमालकाला ताप होता. भाडेकरूनं घरमालकाच्या तापासाठी सण सोडल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलं नाही. पण त्यावर कुणी काही विचारलं नाही. मावशी एवढंच म्हणाली की आजकाल खोल्या मिळणं कठीण झालंय, माणसाला घरमालकाशी जुळवून घ्यावं लागतं.

एकदा रोसेंदो त्याला इथे घेऊनही आला होता. सडपातळ, टक्कल पडायला लागलेला, लाजाळू माणूस. आमच्या ताटल्या धुवायला उठला तेव्हा आईनं त्याला बसवलं. रात्री त्याची खाट पाहुण्यांच्या खोलीत घातली आणि रोसेंदोची स्वतःच्या खोलीत. सकाळी त्याच्या हाताला लागेल असं ताजं चीज केळीच्या पानात बांधून ठेवलं. "घरमालकासाठी," ती म्हणाली. तो शब्द ती सगळ्यांत जपून उच्चारायची, काचेचं भांडं फळीवर ठेवावं तसा.

आणि आता आईचं एकच चाललं होतं: माझा पोरगा मला घरी आणायचाय.

आमच्याकडे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी सगळं गाव रात्री दफनभूमीत जातं. प्रत्येक कोनाड्यापुढे मेणबत्ती लावतात, बँडवाले फिरतात, आणि ज्याला जी चाल आवडायची ती त्याच्यासमोर वाजवून घ्यायची असते. बाबांच्या कोनाड्याशेजारी एक रिकामा कोनाडा आमचाच आहे. रोसेंदो गेल्यापासून दर वर्षी आई त्या रिकाम्या भोकापुढे मेणबत्ती लावायची आणि बँडवाल्यांना सांगायची की इथे पण वाजवा. बँडवाले एकमेकांकडे बघायचे आणि वाजवायचे. लोक थांबून बघायचे. मला लाज वाटायची आणि लाज वाटल्याची चीड यायची. या वर्षी तसं होणार नाही, असं आई गावभर सांगून आली होती. कोनाडा तिनं आतून चुना मारून घेतला होता. नावाची पाटी कोरून तयार होती आणि तिच्या पलंगाखाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती.

आई उठून बाहेर आली तेव्हा तिच्या पायात नव्या सपाता होत्या. प्रवासात चावू नयेत म्हणून ती त्या घरात घालून फिरत होती. तिनं विचारलं, रस्त्यावरून समुद्र दिसतो का. मावशीनं सांगितलं की आधी दलदल दिसते, मग कारखाने, मग पुन्हा दलदल, आणि आपण कंटाळून गेलो की मग समुद्र. मावशी एकदा तरुणपणी जाऊन आली होती आणि त्या एका भांडवलावर ती आयुष्यभर बोलत होती. तिला तटबंदीवर उभं राहून फोटो काढायचा होता, कमानींखाली बसणाऱ्या बायकांकडून नारळाच्या वड्या घ्यायच्या होत्या, आणि उन्हासाठी मोठ्या काठाची टोपी. तिनं निळा फुलांचा ड्रेस इस्त्री करून दारामागे टांगला होता. शोकाचा काळाही नेणार होती. तो ती दफनभूमीच्या फाटकाशी त्यावरूनच चढवणार होती.

तेवढ्यात दादा आला. त्यानं तो ड्रेस पाहिला आणि म्हणाला, "आपण सहलीला निघालेलो नाही, मावशी."

"मला ठाऊक आहे कशाला निघालोय ते," मावशी म्हणाली. "रोसेंदोनं मला काळ्यात कधी ओळखलं नसतं."

आईनं दोघांना थांबवलं. रोसेंदोच दर वेळी म्हणायचा की ये, तुला समुद्र दाखवतो, असं ती म्हणाली. "आणि मी म्हणायचे, पुढच्या वर्षी." सपातांकडे बघत तिनं हे दोनदा म्हटलं, पुढच्या वर्षी. मग तिनं विषय बदलला आणि गाडीवाल्याला काय सांगणार ते विचारलं.

हा प्रश्न खरा होता. हाडं घेऊन जायचंय म्हटलं की आमच्या भागातला एकही गाडीवाला गाडी काढत नाही. टायर फुटतो म्हणतात, म्हशी आडव्या येतात म्हणतात. म्हणून हाडं नेहमी दुसरं काहीतरी म्हणून प्रवास करतात. बाबांच्या चुलतभावाला बारांकिजाहून आणलं तेव्हा तो शिवणयंत्र होता. दादानं ठरवलं की आपण जाताना चीज नेतोय असं सांगायचं, आणि येताना विकलं गेलं नाही असं सांगायचं. चीज माझंच, मीच ते करते. माझं चीज कार्ताहेनात विकलं गेलं नाही हे ऐकून गावात माझं काय होईल, असं मी विचारलं. आई हसली. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच.

संध्याकाळच्या आधी कातालिनो सुतार आला. तो झुलत्या खुर्च्या करतो आणि अशा पेट्याही. पेटीच्या कामात तो कधी घाई करत नाही आणि कधी दार वाजवत नाही. नुसता दारात उभा राहून खोकतो. त्यानं टोपी काढली, आईजवळ बसला आणि विचारलं, रोसेंदो केवढा उंच होता.

या पेटीची लांबी मांडीच्या हाडावर ठरते, कारण ते सगळ्यांत लांब. दादा म्हणाला, माझ्याएवढा. मावशी म्हणाली, छे, तुझ्या खांद्याला लागायचा. मला तो दादापेक्षा उंच आठवत होता, पण मला तो नेहमी शिडीवर उभा असल्यासारखाच आठवतो. आईनं उठून हवेत हात धरला. तो हात फार खाली होता. घर सोडून गेलेल्या पोराची ती उंची नव्हती, चौदा-पंधरा वर्षांचा असताना असेल. कातालिनोनं खिशातून काढलेली मापाची पट्टी तशीच हातात ठेवली. उघडली नाही.

"बाई, पेटी मोठी झाली तरी चालेल," तो हळूच म्हणाला. "पण तुमच्या त्या जुन्या कोनाड्याचं तोंड अरुंद आहे. मोठी आत जायची नाही. आणि लहान झाली तर..." पुढचं आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. लहान पेटीत न बसणारं हाड दफनभूमीतली माणसं घरच्यांना पाठ फिरवायला सांगून मोडतात.

कुणीतरी म्हणायला हवं होतं आणि ते मावशीच म्हणाली. घरमालकाला विचारा. इतकी वर्षं भाडेकरू होता, दाराच्या चौकटीतून जाताना पाहिलं असेलच की.

दादाला फोन करायचा नव्हता. मला दिसत होतं. पण कातालिनो पट्टी घेऊन बसला होता आणि आई बघत होती. त्यानं फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, जेणेकरून बोलणं सगळ्यांचं होईल, त्याच्या एकट्याचं नाही.

आर्नुल्फोनं पहिल्याच घंटीला उचलला. मागे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. दादानं विचारलं, जरा कोरडेपणानंच, की सुताराला रोसेंदोची उंची हवी आहे.

"उंची मला नीट सांगता येणार नाही, ओस्वाल्दोभाऊ," तो म्हणाला. "पण त्याच्या पँटी मीच शिवायचो. सुतारभाऊ आहेत का तिथे? पट्टी आहे का त्यांच्याजवळ?"

आणि त्यानं कमरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंतचं माप सांगितलं. आठवायला थांबला नाही. समोर लिहून ठेवल्यासारखंही म्हणाला नाही. आपल्या घराच्या पायऱ्या अंधारात उतरतो तसं म्हणाला. कातालिनोनं पट्टी उलगडली, त्या जागी अंगठा दाबला.

"उजव्या पायाचं सांगितलं," आर्नुल्फो पुढे म्हणाला. "डावा किंचित आखूड होता. दिसायचा नाही. पण डाव्या पायाची शिलाई मी बोटभर वर घ्यायचो, नाहीतर तो त्या बाजूनं पँट घासत चालायचा. पेटीला उजवा धरा."

डावा पाय आखूड होता हे मला माहीत नव्हतं. दादाला नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती मान हलवत होती, हळूहळू, कुणी आपलीच गोष्ट सांगत असल्यासारखी.

"आंब्यावरून पडला होता," ती फोनला म्हणाली. "सात वर्षांचा. हाड बसवणाऱ्यानं नीट बसवलं नाही."

"हो, बाई," आर्नुल्फो म्हणाला. "पाऊस यायच्या आधी दुखायचा त्याला. मी तेल लावून द्यायचो."

मावशीला शांतता सोसत नाही. ती म्हणाली, बघा, असा घरमालक मिळायला नशीब लागतं, भाडेकरूचे कपडे शिवतो, तेल लावतो. हे इतक्या घाईनं तिच्या तोंडून निघालं की शेवटच्या शब्दापर्यंत पोचता पोचता ती स्वतःच अडखळली आणि युकाच्या साली गोळा करायला लागली.

आर्नुल्फोनं विचारलं की तुम्ही कुठल्या दिवशी येणार. घर उघडून ठेवतो, दोन खोल्या आहेत, वर गच्चीतून थोडा समुद्र दिसतो, बाईंना बघता येईल. दादा म्हणाला, आम्ही राहणार नाही, त्याच दिवशी परतणार. आर्नुल्फो म्हणाला, बरं. मग मी सकाळी दफनभूमीत येऊन थांबेन, तिथली माणसं मला ओळखतात, मी दर रविवारी जातो. दादा म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेता. आम्ही बघू.

फोनच्या पलीकडे यंत्राचं चाक कुणीतरी हातानं थोडं फिरवलं आणि पुन्हा सोडलं, असा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही घरचे आहात."

कातालिनो निघून गेल्यावर दादा परसात गेला आणि मी त्याच्या मागे गेले. तो पपईच्या झाडाशी उभा राहून सिगारेट ओढत होता. ती त्यानं कधीच सोडली होती. त्यानं मला सांगितलं की दफनभूमीतल्या माणसाशी त्याचं परस्पर बोलणं झालंय. सकाळी फाटक उघडायच्या आत ते कोनाडा फोडून ठेवतील, आपण लवकर पोचायचं, आणि कुणी यायच्या आत उरकून निघायचं. कुणी म्हणजे कोण हे त्यानं सांगितलं नाही. आईला त्रास नको म्हणून, असं म्हणाला. तिथे तो माणूस रडायला लागला, काही बोलला, तर आईला काय सांगायचं? या वयात तिला का दुखवायचं?

मी विचारलं, तुला काय माहीत आहे, दादा?

त्यानं राख झटकली. मग म्हणाला की त्या वेळी, पुराच्या वर्षी, एक रात्र तो त्या घरात झोपला होता. शिंप्यानं त्याला चांगली खोली दिली आणि स्वतः खाली यंत्राशेजारी सतरंजी टाकली. त्या खोलीत एक मोठा पलंग होता आणि कार्ताहेनात डास किती, तुला माहीत आहे.

"त्या सगळ्या घरात मच्छरदाणी एकच होती, नूरिस," तो म्हणाला, आणि सिगारेट भिंतीवर विझवली.

मला वाटलं होतं मी एकटीच जाणते आणि दादाला त्याचा धक्का नको म्हणून गप्प आहे. दादाला वाटत होतं तो एकटाच जाणतो आणि मला सांभाळतोय. मावशी तर वीस वर्षं त्या माणसाची तरफदारी करत आम्हा सगळ्यांना सांभाळत होती. एकाच घरात आम्ही इतक्या पडद्यांआड राहत होतो, आणि सगळे पडदे एकाच खिडकीला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही खुर्च्या दारापुढच्या पदपथावर काढल्या. आमच्याकडे घराच्या गोष्टी रस्त्यावर बसूनच ठरतात. आत फार उकडतं. नदीवरून थोडा वारा होता. आई तिच्या खुर्चीत झुलत होती आणि मावशी हातपंखा हलवत कामं वाटत होती, कारण ती वाटली नाहीत तर ऐन वेळी गोंधळ होतो. मरणाच्या कामांत मावशीचा हात कुणी धरत नाही. कोनाडा फोडला की पांढरी चादर दादा धरेल. हाडं पुसायला रममध्ये भिजवलेली फडकी मी नेईन. पाय, हात, बरगड्या मी पुसेन, आणि मी पुसताना मावशी प्रार्थना म्हणेल, कारण तिला सगळ्या पाठ आहेत.

राहिलं डोकं.

डोकं आमच्यात कुणीही घेत नाही. ते सगळ्यांत जवळच्या माणसानं दोन्ही हातांत घ्यायचं, स्वतः पुसायचं, नाव घेऊन हाक मारायची आणि मगच पेटीत ठेवायचं. बाबांचं आईनं घेतलं होतं. मांडीवर ठेवून पुसता पुसता तिनं त्यांना दोन गोष्टी सुनावल्याही होत्या. मागे न सांगता विकलेल्या एका वासराबद्दल. दफनभूमीतली माणसंसुद्धा हसली होती. रोसेंदोचं लग्न झालं नव्हतं म्हणजे त्याचं डोकं आईनं घ्यायचं, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण गेल्या वर्षापासून आईचे हात थरथरतात. कॉफीचा कप तिला दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि तरी बशीत सांडतं. हे सगळ्यांना दिसत होतं, तिलाही.

मावशी म्हणाली, नूरिस घेईल. थोरली बहीण म्हणजे आईच. मी म्हणाले की मला जमणार नाही, मी हाका मारायला लागले की माझा आवाज जातो, दादानं घ्यावं. दादा म्हणाला, मी चादर धरणार आहे, चादर कोण धरेल? मग तो म्हणाला, अशा वेळी दफनभूमीतला माणूसही घेतो, त्यांना सवय असते. मावशीनं पंखा थांबवला आणि म्हणाली की माझ्या भाच्याचं डोकं परका माणूस हातात घेणार असेल तर मी येतच नाही, तुमची मधली सीट तुम्हाला लखलाभ. दादा म्हणाला, आवाज खाली. समोरची सोनाराची बायको आपल्या दारात बसून ऐकत होती. मावशी म्हणाली, ऐकू दे, तिच्या घरी काय माणसं मरत नाहीत.

आई एवढा वेळ झुलत होती. खुर्चीची लाकडं एकाच लयीत करकरत होती. मग ती थांबली.

"लग्न झालेल्याचं कोण घेतं?" तिनं विचारलं.

मावशी वैतागलेलीच होती. "बायको घेते. बाईचं असेल तर नवरा घेतो. तू स्वतः घेतलंस की दाजींचं. हे काय विचारणं झालं, उबाल्दिना? त्याचं कुठे..."

आणि ती तिथे थांबली.

दादा उठला. आत जाऊन पाणी आणतो म्हणाला. आईनं त्याला बस म्हटलं. जोरात नाही म्हटलं, पण तो बसला.

"फोन लाव त्याला," ती म्हणाली.

"कुणाला, आई?"

"आर्नुल्फोला. सांग, कोनाडा त्याच्यासमोर फुटेल. घाईघाईनं नाही, तो आल्यावर. डोकं तो घेईल. पाय कुठला आखूड होता ते त्याला माहीत आहे, बाकीचंही माहीत असेल." ती दम घ्यायला थांबली. तिचे हात मांडीवर होते आणि त्यांतला एक दुसऱ्याला दाबून धरत होता. "आणि विचार, त्याच्या घरच्यांचा कोनाडा आहे का तिकडे. असेल तर पेटी तिथेच राहू दे."

मी म्हटलं, आई, तू चुना मारून घेतलास. पाटी केलीस.

"केली," आई म्हणाली. "मला हवाच आहे तो. मला तो इथे हवाय, माझ्या डोळ्यांपुढे, तुझ्या बापाशेजारी. तो जिवंत होता तेव्हा मी त्याच्याकडे गेले नाही, नूरिस. समुद्र बघायला ये म्हणायचा, आणि मला प्रश्न पडायचा, उतरायचं कुणाकडे. काय म्हणून जायचं त्या घरात, आणि सकाळी उठून कुणाला काय हाक मारायची. म्हणून पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी." तिनं डोळे पुसले नाहीत. पाणी गालावरून खाली आलं ते तसंच येऊ दिलं. "आता तो मेल्यावर मी जाऊन त्याला त्याच्या घरातून उचलून आणू?"

"त्याच्या घरातून नाही, आई," दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलाचा झाला होता. "ती खोली भाड्याची होती. तो माणूस घरमालक..."

"भाड्यानं राहत नव्हता तो, ओस्वाल्दो," आई म्हणाली. "संसार करत होता. तो माणूस माझा जावई आहे."